वायू मोजण्याआधी हवा मोजा: टिन ऑक्साइडचा सेन्सर वापरण्यापासून बनवण्यापर्यंत

दरवर्षी एमएस्सीच्या नव्या बॅचमधलं कुणीतरी दीड-दोनशे रुपयांचा एमक्यू-२ हा वायूचा सेन्सर घेऊन येतं. तो आर्डुइनोला (सेन्सर वाचणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला) जोडतं, त्याच्यासमोर लायटर धरतं आणि स्क्रीनवरचा आकडा वर धावला की विचारतं, "सर, हे किती पीपीएम झालं?" म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग. मी उलट विचारतो, "काल रात्री नुसत्या हवेत किती होता?" काल रात्री सेन्सर खोक्यात होता. तिथून आमचं शिक्षण सुरू होतं.

हा लेख अशाच नवख्यांसाठी आहे. डिप्लोमाचा प्रोजेक्ट असो, एमएस्सीचं डेझर्टेशन असो किंवा घरातला छंद, क्रम एकच ठेवा: आधी विकतचा सेन्सर समजून घ्या, मग स्वतःची पूड आणि थर बनवा. उलट क्रमाने गेलात तर बिघाड पुडीत आहे, तारेत आहे की मोजण्यात, ते कळायलाच तीन महिने जातात.

आत काय चालतं, थोडक्यात

टिन ऑक्साइड (आमच्या बोलीत एस-एन-ओ-टू) हा एन प्रकारचा अर्धवाहक. त्याच्या जाळीत ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहिलेल्या असतात आणि त्यामुळे फिरायला थोडे इलेक्ट्रॉन मोकळे मिळतात. असा कण हवेत तापवला की हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर चिकटतो आणि चिकटताना आतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. कणाच्या कडेला इलेक्ट्रॉन नसलेली साल तयार होते. दोन कण जिथे टेकतात तिथे ही साल विजेची वाट अडवते, म्हणून स्वच्छ हवेत रोध जास्त असतो. आता एलपीजी, अल्कोहोल किंवा कार्बन मोनॉक्साइड आला की तो त्या चिकटलेल्या ऑक्सिजनशी जळतो, इलेक्ट्रॉन परत कणात जातात, रोध कोसळतो. नायट्रोजन डायऑक्साइडसारखा वायू स्वतःच इलेक्ट्रॉन ओढणारा, त्यामुळे त्याच्यासमोर रोध वाढतो. तांब्याचं किंवा निकेलचं ऑक्साइड पी प्रकारचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांनी वीज वाहणारं, तिथे सगळं उलटं.

म्हणजे हा सेन्सर एलपीजी 'ओळखत' नाही. पृष्ठभागावर ऑक्सिजन किती उरला, एवढंच तो सांगतो. ऑक्सिजन कमी करणारी कुठलीही गोष्ट त्याला सारखीच, आणि हे विसरलं की पुढच्या निम्म्या चुका होतात.

पृष्ठभागावरच्या वायूमुळे अर्धवाहकाचे विद्युत गुण बदलतात हे ब्रॅटन आणि बार्डीन यांनी जर्मेनियमवर १९५३ मध्ये दाखवलं होतं. वायू शोधायला त्याचा उपयोग जपानमध्ये झाला. १९६२ साली सेइयामा आणि सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या तापवलेल्या थराने वायू ओळखून दाखवले आणि त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातून १९६९ मध्ये फिगारो ही कंपनी उभी राहिली. तिच्या सेन्सरवर दिसणाऱ्या टीजीएस या अक्षरांमधला 'टी' म्हणजे तागुची. बाजारातला एमक्यू-२ हा चिनी बनावटीचा, पण कुळ तेच.

पायरी १: सेन्सर उघडून बघा, मग तापत ठेवा

शक्य असेल तर दोन घ्या आणि एकाचं झाकण काढा. आत पेन्सिलीच्या शिशाएवढी ॲल्युमिनाची नळी दिसेल. तिच्यावर सोन्याचे दोन पट्टे, त्यावर टिन ऑक्साइडचा थर, प्लॅटिनमच्या बारीक तारा आणि नळीच्या पोटातून जाणारी निकेल-क्रोमची हीटर कॉइल. वरची स्टीलची जाळी धूळ अडवण्यासाठी नाही. आतला भाग तापलेला असतो आणि बाहेर ज्वालाग्राही वायू असू शकतो, तेव्हा आत काही पेटलंच तर ज्योत बाहेर येऊ नये म्हणून ती जाळी. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणीतल्या दिव्याभोवती लावली ती हीच युक्ती. म्हणून उघडलेला सेन्सर फक्त बघायला ठेवा, वायूत वापरू नका.

हीटरचा रोध साधारण ३३ ओहम. ५ व्होल्टवर दीडशे मिलीअँपियर लागतात. एका सेन्सरला लॅपटॉपचा यूएसबी पुरतो, पण चार-पाच सेन्सर एकाच बोर्डावरून चालवायला गेलात की व्होल्टेज बसतं, हीटर गार पडतो आणि आकडे भरकटतात. वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, ग्राउंड एकत्र जोडा.

नवा सेन्सर किमान २४ तास, जमल्यास ४८ तास, सलग चालू ठेवायचा. खोक्यात पडून असताना पृष्ठभागावर पाणी आणि बाकी काय काय बसलेलं असतं, ते निघून जायला हा वेळ लागतो. पहिल्या पाच मिनिटांत आकडा झपाट्याने सरकतो आणि मग संथ होतो. संथ झाला म्हणजे स्थिर झाला असं नाही.

पायरी २: आकड्याचा रोध करा

स्क्रीनवरचा ० ते १०२३ मधला आकडा म्हणजे पीपीएम नव्हे, व्होल्टेज. आत सेन्सर आणि एक ठराविक रोध एकामागे एक जोडलेले आहेत आणि मधल्या बिंदूचं व्होल्टेज आपण वाचतो. सेन्सरचा रोध काढायचा तर ५ मधून वाचलेलं व्होल्टेज वजा करा, त्याला वाचलेल्या व्होल्टेजने भागा आणि जोडलेल्या रोधाने गुणा. जोडलेला रोध १ किलोओहम आणि हवेत वाचन ०.५ व्होल्ट असेल तर सेन्सरचा रोध ९ किलोओहम. वायूत तेच वाचन २.५ व्होल्ट झालं तर रोध १ किलोओहम. हवेतला रोध भागिले वायूतला रोध म्हणजे प्रतिसाद, इथे ९.

बोर्डावरचा रोध नक्की किती, हे मागे वळवून वाचा. स्वस्त मॉड्यूलवर बहुधा १०२ असं लिहिलेला म्हणजे १ किलोओहमचा असतो. उत्पादकाच्या माहितीपत्रकात त्याहून बराच मोठा सुचवलेला असतो.

दुसरी चूक आर-नॉटची, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या मूळ रोधाची. बरेच जण स्वच्छ हवेतला रोध म्हणजे आर-नॉट धरून इंटरनेटवरचा कोड चालवतात. एमक्यू-२ च्या माहितीपत्रकात आर-नॉट म्हणजे १००० पीपीएम हायड्रोजनमधला रोध, आणि आलेखावर हवेची रेघ त्याच्या जवळजवळ दहापट वर आहे. एवढ्या एका गैरसमजाने पीपीएमचा आकडा कित्येक पटींनी चुकतो.

पायरी ३: आठवडाभर फक्त हवा

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि मी इथेच अडून बसतो. सेन्सरशेजारी तापमान आणि आर्द्रता मोजणारा साधा डीएचटी-२२ लावा आणि दर मिनिटाला तिन्ही आकडे फाइलमध्ये जाऊ द्या. सात दिवस. कुठलाही वायू सोडायचा नाही.

मग आलेख काढा. पहाटे रोध वेगळा, दुपारी वेगळा. पावसाची सर आली की खाली. पाण्याचे रेणू तापलेल्या टिन ऑक्साइडवर तुटतात, हायड्रॉक्सिल म्हणून बसतात, इलेक्ट्रॉन देतात आणि वर ऑक्सिजनच्या जागाही अडवतात. त्यामुळे दमट हवेत मूळ रोध उतरतो आणि वायूला मिळणारा प्रतिसादही घटतो. मे महिन्यात जळगावच्या कोरड्या हवेत काढलेला आलेख ऑगस्टमध्ये रत्नागिरीला लागू पडत नाही, हे याच कारणाने.

आलेखात काही अनोळखी खड्डेही दिसतील. वेळ बघा: सकाळी साडेआठला फरशी पुसली, फिनेल. दुपारी एकला डबे उघडले. आमच्याकडे रोज संध्याकाळी सहाला एक सुबक खड्डा पडायचा. शेजारच्या खोलीतली अगरबत्ती निघाली. या खड्ड्यांची कारणं शोधण्यात नवखा विद्यार्थी जेवढं शिकतो तेवढं व्याख्यानातून शिकत नाही.

आर्द्रतेचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर महागडं यंत्र नको. बंद डब्यात वाटीभर मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत राहील इतकं. काही तासांत डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांजवळ येऊन थांबते. मॅग्नेशियम क्लोराइडचं तसंच द्रावण साधारण ३३ टक्क्यांवर धरतं. सेन्सरचा हीटर डबा तापवतो, तेव्हा डीएचटी काय म्हणतो तेच खरं माना.

पायरी ४: मोजून वायू द्या

दहा लिटरचा झाकणाचा पारदर्शक डबा घ्या. डब्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, मापाने पाणी ओतून घनफळ काढा आणि डबा नीट वाळवा. आत कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावा, नाहीतर एलपीजीसारखा जड वायू तळाशी बसून राहतो. झाकणाला भोक पाडून रबरी बूच बसवा, सिरिंजची सुई त्यातून घालायची.

वायूचा हिशेब सरळ आहे. १० लिटरच्या डब्यात १ मिलिलिटर वायू म्हणजे १०० पीपीएम. द्रवाची वाफ वापरायची तर रेणूभाराचा हिशेब लागतो. शुद्ध इथेनॉलला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, म्हणून सुरुवात आयसोप्रोपिल अल्कोहोलने करा, मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे सहज मिळतं. त्याचा १ मायक्रोलिटर खोलीच्या तापमानाला ०.३२ मिलिलिटर वाफ देतो, म्हणजे दहा लिटरच्या डब्यात ३२ पीपीएम. मायक्रोलिटरची सिरिंज महाग पडते. इन्सुलिनची १०० युनिटवाली घ्या, तिचं एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, म्हणजे ३२० पीपीएम. ४० युनिटवाली हातात आली तर एक युनिट २५ मायक्रोलिटरचं होतं. औषधाच्या दुकानात दोन्ही मिळतात आणि हिशेब अडीचपट चुकतो, तेव्हा नळीवर लिहिलेलं वाचून घ्या.

थेंब पंख्यासमोर लोंबकळणाऱ्या टिपकागदावर पडू द्या, लवकर उडतो. वाचन स्थिर झालं की झाकण उघडा आणि उतार बघा. बदलाचा ९० टक्के टप्पा गाठायला लागलेला वेळ म्हणजे प्रतिसादवेळ, तसाच परतीचा वेळही काढतात. आता थोडं प्रामाणिक होऊ: या डब्यात तुम्ही सेन्सरचा वेग मोजत नाही, थेंब उडण्याचा आणि पंख्याने हवा घुसळण्याचा वेग मोजताय. आठ सेकंदांत प्रतिसाद आला असं लिहिण्याआधी नुसतं मिसळायला किती वेळ लागतो ते तपासा.

एकाच मात्रेला तीन वेळा मोजा, मग दुप्पट मात्रा, मग चौपट. प्रतिसाद दुप्पट होणार नाही. दोन्ही अक्ष लॉग घेतलेत तर ठिपके जवळपास सरळ रेषेत येतात, आणि हीच तुमच्या सेन्सरची, तुमच्या हवेतली खरी अंशांकन (कॅलिब्रेशन) रेषा.

मग त्याच डब्यात सॅनिटायझरचा बोळा धरा, अत्तर धरा, चिरलेला कांदा धरा. सेन्सर कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांनाच मान डोलावतो. 'एलपीजी सेन्सर' हे नाव विक्रेत्याने दिलेलं आहे हे इथे पटतं.

एक अनुभव सांगतो. पहिला डबा हवाबंद करायला मी काचेच्या टाकीला लावतात ते सिलिकॉन सीलंट वापरलं होतं. काम अगदी सुबक झालं. दोन आठवड्यांत सेन्सर मेला, नवा लावला, तोही मंदावला. वाळणाऱ्या सिलिकॉनमधून निघणारी वाफ तापलेल्या पृष्ठभागावर जळून सिलिकाचा थर सोडते आणि तो पुन्हा निघत नाही. तेव्हापासून बूच, टेफ्लॉन टेप आणि क्लिपा. सिलिकॉन असलेले स्प्रे आणि केसांची सिरम त्याच टेबलावर नकोत.

पायरी ५: स्वतःची पूड

आता बनवायला घेऊ. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवारणीने पातळ थर चढवण्याची मोठी परंपरा आहे. खानदेशात अमळनेरच्या प्रताप कॉलेजात स्क्रीन प्रिंटिंगच्या जाड थरांवर बरंच काम झालंय. कमी पैशांत सुरुवात करायची तर जाड थर बरा.

३.५ ग्रॅम स्टॅनिक क्लोराइड पेंटाहायड्रेट (टिनचा क्षार) १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. धुराच्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये), हातमोजे घालून, कारण बाटली उघडताच आम्लाचा धूर येतो. ढवळत ढवळत विरळ अमोनिया थेंब थेंब सोडा. पांढरा जेलीसारखा साका धरतो. पीएच ८ च्या आसपास आला की थांबा. घाईने अमोनिया ओतलात तर गोळे होतात आणि गोळ्यांच्या पोटात क्लोराइड अडकून बसतं.

पुढचं धुणं हाच या पायरीचा जीव. क्लोराइड उरलं तर सेन्सरचा प्रतिसाद बिघडतो. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरा गढूळपणा येतो का बघायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी त्या पाण्यात विरळ नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाकायचे, हे मात्र विसरतात. पाण्यात अमोनिया असेल तर सिल्व्हर क्लोराइड त्यात विरघळून जातं, पाणी नितळ दिसतं आणि आपण खूश होतो. धुणं नीट होत आलं की साका खाली बसेनासा होतो, गाळणकागदातून दुधासारखं पाणी जायला लागतं. ते शुभचिन्ह आहे, पण गाळण सोडून सेंट्रिफ्यूज घ्या.

१०० अंशांना वाळवा, अगेटच्या खलात घोटा, मफल भट्टीत ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवा. एवढ्या द्रावणातून जास्तीत जास्त दीड ग्रॅम पूड मिळते, तेव्हा खलाच्या कडाही खरवडून घ्या. क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणाने २६.६, ३३.९ आणि ५१.८ अंशांना शिखरं आली तर टिन ऑक्साइड जमलं. पहिल्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी, यंत्राची वजा करून, ०.६ अंश असेल तर शेररच्या सूत्राने कण १३ ते १४ नॅनोमीटरचा निघतो.

कणाच्या आकाराला एवढं महत्त्व का? वर सांगितलेली इलेक्ट्रॉन नसलेली साल साधारण ३ नॅनोमीटर जाड असते. कणच ६ नॅनोमीटरचा झाला तर दोन्ही बाजूंच्या साली मध्ये भेटतात, सगळा कण वायूच्या हातात जातो आणि प्रतिसाद उसळतो. क्यूशू विद्यापीठातल्या नोबोरू यामाझोए यांच्या गटाने हे दाखवून दिलं. मग भट्टीच ३०० ला का ठेवू नये? कारण सेन्सर चालतो ३००-३५० अंशांना. ज्या तापमानाला भाजलं त्याच तापमानाला चालवलं तर कण चालता चालता वाढत राहतो आणि सेन्सर रोज थोडा बदलतो. थोडी संवेदनशीलता सोडून स्थैर्य घ्यावं, या मताचा मी आहे.

पायरी ६: लेप आणि छपाई

इथे भौतिकशास्त्र संपतं आणि लग्नपत्रिका छापणाऱ्याची कला सुरू होते. खरंच, नायलॉनची जाळी ताणलेली चौकट गावातल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडूनच करून घ्या. तो पिशव्यांवर छापतो तीच पद्धत, शाईच्या जागी आपला लेप.

इथिल सेल्युलोज, टर्पिनिऑल आणि ब्यूटिल कार्बिटॉल ॲसिटेट यांचं चिकट मिश्रण करा. वजनाने पूड ७५ भाग आणि हे मिश्रण २५ भाग घेऊन खलात अर्धा तास घोटा. लेप पट्टीवरून दोरी धरून पडावा. चक्क्यासारखा गोळा झाला तर जाळीतून उतरत नाही, ताकासारखा झाला तर कडा पसरतात. खाली ॲल्युमिनाची पट्टी हवी. काचेची स्लाइड स्वस्त असते, पण ५०० अंशांच्या पुढे वाकू शकते.

छापल्यावर दहा मिनिटं तशीच पडू द्या, जाळीचे ठसे बुजतात. १२० अंशांच्या आसपास वाळवा. मग भट्टीत चढताना ३०० ते ३५० दरम्यान अगदी हळू जा, कारण इथे सेल्युलोज जळतं आणि घाई केली तर थराला फोड येतात. ५५० ला अर्धा तास पुरे. चिकटपट्टी लावून उपटा. पट्टीवर पांढरी पूड आली तर थर कच्चा.

दोन टोकांना चांदीच्या पेस्टने तारा जोडा. चांदी तापमान आणि दमटपणात हळूहळू थरात सरकते, त्यामुळे वर्षभर चालवायचा सेन्सर असेल तर सोनं. डेझर्टेशनला चांदी चालते.

पायरी ७: रोध मोजताना

स्वतः बनवलेल्या थराचा रोध हवेत अनेक मेगाओहम असू शकतो. साधं मल्टिमीटर तिथे हात टेकतं. चांगल्या प्रयोगशाळेत अगदी सूक्ष्म प्रवाह मोजणारा पिकोअँमीटर असतो. नसेल तर १ मेगाओहमच्या रोधाशी जोडी लावून मधलं व्होल्टेज घ्या, पण ते थेट आर्डुइनोला देऊ नका. त्याच्या इनपुटला १० किलोओहमच्या आतला स्रोत लागतो, नाहीतर वाचन खोटं येतं. मध्ये सीए-३१४० सारखा ऑप-ॲम्प (प्रवर्धकाची चिप) बफर म्हणून लावा, तो रोधाच्या जोडीवर भार न टाकता तेच व्होल्टेज पुढे देतो. तारा लहान आणि झाकलेल्या ठेवा. शेजारून माणूस गेला की आकडा उडाला तर तो वायू नाही, तुमची अँटेना आहे.

आता तापमानाचा आलेख. १५० पासून ४०० अंशांपर्यंत ५०-५० च्या पायऱ्यांनी जा, प्रत्येक ठिकाणी हवेतला रोध पूर्ण थांबू द्या, मग तीच मात्रा द्या. आलेख घंटेसारखा येतो. कमी तापमानाला वायू आणि ऑक्सिजनची क्रियाच होत नाही. फार तापवलं तर वायू थराच्या वरच्या भागातच जळून जातो, आत पोहोचत नाही, आणि बसलेला ऑक्सिजनही सुटू लागतो. शिखर एलपीजीसाठी बहुधा ३०० ते ४०० च्या दरम्यान मिळतं. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) थराला टेकलेलं आहे की हीटरला, हे लिहून ठेवा, दोघांत पन्नास अंशांचा फरकही पडू शकतो.

कुठला पदार्थ कशासाठी

एलपीजी, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड यांना टिन ऑक्साइड, वर पॅलेडियमचा शिडकावा. थर पॅलेडियम क्लोराइडच्या विरळ द्रावणात काही मिनिटं बुडवून, वाळवून पुन्हा ५०० ला भाजला की झालं. बुडवण्याचा वेळ बदलून पॅलेडियमचं प्रमाण बदलता येतं. अल्कोहोलला झिंक ऑक्साइड चांगलं चालतं आणि बनवायलाही सोपं आहे. नायट्रोजन डायऑक्साइडला टंगस्टन ऑक्साइड, तेही कमी तापमानाला. ओझोनसाठी इंडियम ऑक्साइड.

सगळ्यात देखणी जोडी मला वाटते ती टिन ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइडची. एक एन, एक पी, दोघांच्या सीमेवर अडथळा उभा राहतो आणि हवेत रोध प्रचंड असतो. हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं, ते जवळजवळ धातूसारखं वाहतं, अडथळा नाहीसा होतो आणि रोध कित्येक पटींनी पडतो. वायू गेला की हवेत पुन्हा ऑक्साइड. इथे निवड खरोखर रसायनाने होते, म्हणून ती टिकते. पण हा प्रयोग घरी नाही. हायड्रोजन सल्फाइडची मात्रा वाढली की नाकाची जाणीवच बधिर होते, वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस दगावतो. नायट्रोजन डायऑक्साइड, क्लोरीनही घातकच. धुराचं कपाट, प्रमाणित विरळ सिलेंडर आणि सोबत दुसरा माणूस नसेल तर आयसोप्रोपिलवरच थांबा.

भिंतीवर लावण्याआधी

प्रोजेक्ट संपला की बरेच जण तोच सेन्सर आईच्या स्वयंपाकघरात लावतात. फोडणी पडली की तो ओरडतो, चौथ्या दिवशी आई तार काढते आणि मग खरोखर गळती झाली तरी तो गप्प असतो. घरासाठी प्रमाणित अलार्मच विकत घ्या. एलपीजीतल्या ब्यूटेनची पेट घेण्याची खालची मर्यादा हवेत सुमारे १.८ टक्के, म्हणजे १८,००० पीपीएम. इशारा त्याच्या कितीतरी आधी मिळायला हवा आणि तो दर वेळी मिळायला हवा. आपल्या डब्यातल्या अंशांकनावर तेवढी जोखीम घेऊ नये.

जागाही महत्त्वाची. सिलेंडरचा वायू हवेपेक्षा दीड ते दोनपट जड, म्हणून अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर, सिलेंडरच्या बाजूला. मुंबई-पुण्यात पाइपने येतो तो नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, त्याचा अलार्म छताजवळ. सिलेंडर सोडून पाइपलाइन घेतलेल्या घरांत जुना अलार्म खालीच राहिलेला मी पाहिलाय. आणि अलार्मच्या मागे बनवल्याची तारीख आणि कधी बदलायचा ते छापलेलं असतं. तुमचा खाली लावलेला असेल तर आजच वाकून वाचा.